पंखेवाल्यांची नात

आजोबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात माणसांची रीघ लागली आणि छकुलीच्या पोटात दुखायला लागलं. दुःख होतंच, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. पण हे दुखणं वेगळं होतं. जो येई तो मटकन बसे आणि म्हणे, "आमचे आजोबा गेले हो!" छकुलीला वाटे, उठावं आणि सांगावं, तुमचे नव्हेत, माझे. तुम्ही शेजारी आहात, तर शेजाऱ्यांइतकंच रडा.

छकुली म्हणजे कुणी लहान मुलगी नव्हे. तिशी ओलांडलेली, दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणारी बाई. लाडाचं नाव चिकटलं ते चिकटलं. वडील लवकर गेले आणि आई हॉस्पिटलात नर्स, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. त्यामुळे आईच्या वडिलांनीच तिला लहानाचं मोठं केलं. वेणी घालण्यापासून पाढे घेण्यापर्यंत सगळं त्यांनीच.

त्यांना सगळे पंखेवाले आजोबा म्हणत. जळलेल्या पंख्यांच्या मोटारी उघडायच्या, काळवंडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. दुकान बंद केल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं, आणि तेव्हापासून घराचं दार कधी लागलंच नाही. कुणाचा मिक्सर बंद पडला, आजोबा. नळ गळतोय, आजोबा. नवरा-बायकोचं वाजलं, तरी आजोबाच. कुणी खिशात हात घातला की म्हणत, "आधी वारा तर लागू दे!" आणि वारा लागला की विषय बदलत.

छकुलीला हे लहानपणापासून खुपायचं. एकदा तर तिने कहरच केला. कोपऱ्यावरचा बेकरीवाला हाका मारत आला, तशी ती दारात आडवी उभी राहिली. "आजोबा घरी नाहीत."

तेवढ्यात आत आजोबा सणसणीत शिंकले.

बेकरीवाला काही बोलण्याआधीच ते बाहेर आले आणि म्हणाले, "नव्हतोच मी. आत्ता आलो, मागच्या दाराने." त्या घराला मागचं दारच नव्हतं. बेकरीवाला गेल्यावर छकुली मार खायच्या तयारीने उभी होती. आजोबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "पोरी, खोटं बोलायचं असलं तर आधी सांगत जा. नाक तरी दाबून धरलं असतं."

त्या 'पोरी'वर ती आठवडाभर तरंगत होती. मग एक दिवस आजोबांनी तळमजल्यावरच्या टेलरताईंनाही 'पोरी' म्हटलेलं तिने ऐकलं, आणि त्या दिवशी ती जेवलीच नाही.

तर आता तोच बेकरीवाला, केस पांढरे झालेला, भिंतीला टेकून सांगत होता. "आमचा धाकटा तापाने फणफणला होता. भर उन्हाळा, शेजारी भट्टी. आजोबा आले, वर बघितलं, गेले, आणि पंखा घेऊनच परत आले. स्वतः स्टुलावर चढून लावला. म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच."

छकुलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो उन्हाळा तिला आठवत होता. 'पंखा दुरुस्तीला काढलाय,' असं सांगून आजोबा तिला रात्री वर्तमानपत्राने वारा घालत होते. म्हणजे घाम माझा आणि वारा यांचा!

तिलाही राहवेना. डोळे पुसून ती म्हणाली, "मला सायकल शिकवली ना, तेव्हा मैदानभर मागे धावायचे. सोडलं म्हणायचे, आणि सोडायचेच नाहीत."

"अगदी बरोबर," वरच्या मजल्यावरचे मास्तर मान डोलवत म्हणाले. "आमच्या दोन्ही पोरांनाही तसंच शिकवलं. त्याच सायकलवर."

छकुली उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी आपटू लागली. आई मागोमाग आली. "काय झालं?"

"माझं असं काही ठेवलंय का त्यांनी? एक तरी गोष्ट?"

"जिवंत असतानाही तू हेच विचारायचीस," आई थकून म्हणाली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर टेलरताई वर आल्या. त्यांना बघताच छकुलीच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण आजोबा गेले ते यांच्या खोलीत. शिलाई मशीनची मोटार उघडून बसले होते, तिथेच खुर्चीत मान टाकली. स्वतःच्या घरात नाही, नातीच्या मांडीवर नाही. यांच्याकडे, चिंध्यांच्या ढिगात!

ताईंनी आजोबांच्या चपला आणल्या होत्या. स्वच्छ पुसून. छकुलीने त्या जवळजवळ हिसकावूनच घेतल्या.

"शेवटी काय म्हणाले?" तिने विचारलं. माझं नाव घेतलं का, हे काही तिच्या तोंडून निघेना.

ताईंनी विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. "म्हणाले, दिवा जरा इकडे धर. मी दिवा आणायला वळले. बस."

"छातीत दुखत होतं त्यांच्या?"

"दुखायचं अधूनमधून. डॉक्टरकडे मीच घेऊन गेले होते. गोळ्या चालू होत्या."

छकुली आईकडे वळली. आईच्या चेहऱ्यावरून कळलं, तिलाही ठाऊक नव्हतं.

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?" छकुलीचा आवाज चढला. "मी नात आहे त्यांची! तुम्ही कोण?"

"ते म्हणाले, छकुलीला सांगू नकोस, नोकरी टाकून धावत येईल. तुझ्या आईलाही नको, ती तुला सांगेल." ताई खाली बसल्या. "सांगायला हवं होतं, कबूल. पण खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. तुला माहीत नाही आणि मला माहीत आहे, याचं बरं वाटलं होतं."

छकुलीने हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"तुला काय वाटतं, पोटात तुझ्याच दुखतं?" ताई म्हणाल्या. "दिवसभर मी त्यांचं करायचे. आणि संध्याकाळी तुझा फोन वाजला की हातातला चिमटा टाकून धावायचे म्हातारबुवा! मी बोलत असले तर माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ द्यायचे नाहीत. फोन ठेवला की तासभर तुझंच. छकुलीच्या साहेबांनी असं केलं, छकुलीने तसं सुनावलं. रागाने एकदा मी कुणाच्या तरी ब्लाऊजला बाही उलटी लावली."

छकुलीला बरं वाटलं. आजोबांना जाऊन एक दिवस झाला होता, असं वाटायला नको होतं, पण उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं बरं वाटलं.

"तासभर?" तिने विचारलं.

"कधी कधी जास्तच."

"काय काय सांगायचे? नीट सांगा."

आणि ताईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. चहा झाला, पुन्हा चहा झाला. मध्येच दोघी भांडल्याही. मिशा त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून काढल्या, यावर चांगलीच जुंपली आणि आईला मध्ये पडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी छकुली खाली ताईंच्या खोलीत गेली. टेबलावर उघडी मोटार तशीच होती, वर कापड झाकलेलं. ती खुर्चीकडे वळली तशा ताई पटकन आडव्या आल्या. "तिथे मी कुणाला बसू देत नाही."

"मी 'कुणी' आहे का?"

ताईंनी ओठ आवळले आणि त्या बाजूला झाल्या. छकुली बराच वेळ तिथे बसून राहिली. मोटार जोडण्याचा प्रयत्नही तिने करून बघितला, पण लहानपणी शेजारी बसून फक्त बघितलेलं, हाताला काही ठाऊक नव्हतं. एक स्प्रिंग उडून कापडांत कुठेतरी गेली ती सापडलीच नाही. शेवटी बाजारातला कारागीर आला. त्याने मोटार जोडून दिली, तेव्हा दोघी त्याच्याकडे अशा बघत होत्या, की बिचारा चहासुद्धा न घेता गेला.

छकुली कामावर परतली. संध्याकाळी फोन करायची सवय सुटेना, म्हणून ती ताईंना करू लागली. आजोबांचं निघायचं, मग इकडचं तिकडचं. परवा मात्र तिने लावला तर त्यांचा फोन व्यस्त. पुन्हा लावला, तरी व्यस्त.

हातात फोन घेऊन ती लॅबच्या जिन्यात उभी राहिली. इतका वेळ कुणाशी बोलताहेत या? बेकरीवाल्याची सून असणार. तिचा हल्ली ताईंकडे फारच राबता आहे, असं आई म्हणत होती.

चरफडत तिने तिसऱ्यांदा नंबर लावला.