फुटकी कवचं

वीणाताई सावरडेकर मूळच्या रत्नागिरीच्या. नवऱ्याच्या, श्रीपादरावांच्या, हवाई दलातल्या बदल्यांपायी देशभर फिरल्या आणि शेवटी लखनौला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत स्थिरावल्या. मुलं मार्गाला लागली तसं घर खायला उठलं. तेवढ्यात एका संशोधन संस्थेत कंत्राटी काम मिळालं. अरबी समुद्राच्या तळातून काढलेला गाळ धुऊन वाळवलेला असायचा. त्यातली सूक्ष्म समुद्रजीवांची, रव्याच्या कणाएवढी कवचं सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने टिपायची आणि जातवार लावायची.

"माहेरी समुद्र दारात होता तेव्हा ढुंकून पाहिलं नाहीस," श्रीपादराव चिडवायचे, "आणि आता लखनौत बसून त्याचा गाळ उपसतेस!"

"तुमच्या पेपरापेक्षा बरा आहे तो. रोज नवीन काहीतरी निघतं."

खरंच जीव रमला होता त्यांचा. कशासाठी हे सगळं, ते अवनीने सांगितलं होतं. अवनी तिथली संशोधक, लखनौतल्याच अलीगंजच्या मराठी घरातली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच.

"काकू, वो ऊपर उत्तर में अटलांटिक है न, वो कई दशक गरम रहता है, फिर कई दशक ठंडा. जब ठंडा पड़ता है तो हमारी मानसून की हवा भी ढीली पड़ जाती है."

वारा जोरात असला की अरबी समुद्राच्या पोटातलं गार पाणी वर येतं आणि एका पातळ कवचाच्या जातीचं फावतं. वारा मंदावला की ती घटते. गाळाच्या थराथरात ती जात किती, त्यावरून जुन्या काळचा वारा कळतो. कुठला तो उत्तरेचा समुद्र आणि कुठला आपला, तरी एकाचं दुखणं दुसऱ्याला कळतं! वीणाताईंनी मनोमन हात जोडले होते.

त्या दुपारी अवनी लॅपटॉप घेऊन आली ती पडल्या चेहऱ्याने. पडद्यावर वीणाताईंच्या थरांतल्या त्या पातळ जातीची रेघ पार सपाट.

"काकू, बाकी लोगों के थर ठीक हैं. आपके वाले में कुछ हिल ही नहीं रहा. मैंने आपका बचा हुआ माल देखा. इतने टूटे हुए छोड़ क्यों दिए?"

"अगं, फुटकी कशी घेणार?"

"मतलब?"

वीणाताई गोंधळल्या. मग त्यांचं त्यांनाच उमगलं. देवाला अक्षता वाहायच्या तर तुटका दाणा चालत नाही. लहानपणापासून ताटात बोटं फिरायची ती कणी बाजूला सारत. इथेही हाताने तेच केलं होतं, कुणी न सांगता. आणि पातळ कवचाची जातच सगळ्यात जास्त फुटणारी!

अवनीला हसू आलं, पण ते लगेच मावळलं. "लैब की हेड मैडम को बताना पड़ेगा, काकू. इसी महीने आपका कॉन्ट्रैक्ट भी खत्म हो रहा है..."

"सांग. लपवायचं कशाला? पण मला एक संधी मागून दे. उरलेल्या मालातून मीच निवडते, आणि तू मागाहून तपास. चुकले तर खुर्ची सोडते."

घरी श्रीपादरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवाची सवय नडली म्हणायची."

"देवाला कशाला मध्ये आणता? विचारायला हवं होतं मी."

मॅडमनी होकार दिला, पण पुढचं काय ते तपासणीनंतर. वीणाताई पुन्हा बसल्या. नियम आता कळला होता. कवच अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर ते एक धरायचं. सुरुवातीला कुंचला फुटक्याशी येऊन अडायचा. हळूहळू अडेनासा झाला. कडा झिजलेली, पोटाला भोक पडलेली, एकेक जागेवर जाऊ लागली.

अवनीने मधूनमधून निवडलेल्या कवचांच्या डब्या उघडून स्वतः मोजून पाहिलं. जुळलं. मग नव्याने रेघ काढली. अटलांटिक गार पडल्याच्या काळात ती खाली उतरत होती. एका ठिकाणी मात्र उतरायला हवी तिथे वर गेली होती.

"इथे पुन्हा माझंच चुकलं का गं?" वीणाताईंनी धसकून विचारलं.

"नहीं काकू, वो मैंने खुद गिना है. वहाँ समंदर ने ही कुछ और किया होगा. अब ये पता करना पड़ेगा न!"

संध्याकाळी मॅडम स्वतः आल्या. हातात ट्रे, त्यात धुतलेल्या गाळाच्या नव्या कुप्या. वीणाताईंच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "कल से ये वाला, वीणाजी. पूछते रहिएगा."

वीणाताईंनी पदर खोचला, पहिली कुपी खिडकीकडे धरली आणि म्हणाल्या, "उद्या कशाला? अजून उजेड आहे."