काळवथर घातलेली मडकी

आमच्या वाडीवरची एक म्हातारी कुंभारीण मातीत काळवथर नावाचा काळा दगड कुटून घालायची आणि मडकी हाताने थापायची. ती जाड, खरबरीत असत, पण चुलीवर कधी तडकत नसत. ती वारल्यावर तशी मडकी कोणी केली नाहीत, म्हणून मी जुनी जमवू लागले. घरात मयत झाले की लोक स्वयंपाकाची मडकी गावाबाहेर टाकतात. त्यांतली न फुटलेली मी पदराखाली झाकून आणी आणि गोठ्यामागे ठेवी. मी हे कोणाला सांगितले नव्हते. सात झाली होती.

पुढे माझ्या पाच वर्षांच्या मुलीला ताप आला. चौथ्या दिवशी सासूबाई शेणी काढायला गोठ्यामागे गेल्या.

"अगो, ही कोणाची?"

मी खरे सांगितले.

"आपल्या चुलीवर मडकी नव्हती, म्हणून मेलेल्यांच्या घरची आणलीस? फोड आधी, तुझ्या हातानं. पोरीचा ताप उतरेल."

मी ती अंगणात आपटली, पण फुटेनात. मग वरवंटा आणला. आतून मुलगी म्हणाली, "आये, हळू फोड गो. डोकं दुखतंय."

तिच्यासाठीच फोडत होते, म्हणून मी थांबले नाही. सातही फोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. "उशीर झाला गो," एवढेच सासूबाई म्हणाल्या.

मडक्यांत काही नव्हते, हे मला आता कळते. पण तिच्या शेवटच्या दिवसांत तिला थोडी शांतता हवी होती, आणि तीही मी दिली नाही.