अगदी पुढची खोली

क्रूझचे फोटो टाकले तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "काका, समुद्राचा एकही फोटो नाही?" खरंय. सगळे फोटो जेवणाचे, जिन्याचे आणि सुमनच्या शालीचे. त्या दिवशी समुद्र फोटोसाठी उभा राहण्याच्या मनःस्थितीत नव्हता… आणि मीही.

सुमन म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता सगळं छान आहे, कुठेही हिंडा. पण ही घराबाहेर पडेना. मंडईत चार गाळे फिरून, वांगं वांगं निवडून घेणारी बाई… गॅलरीत उभी राहून मला म्हणायची, "तुम्हीच जा. वाटेत मला काही झालं तर?"

भीती कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

म्हणून मी ही सहल काढली. मुंबईहून निघायचं, गोव्यापर्यंत जाऊन परत. समुद्राचं वेड मला शाळेपासूनचं, पाठ केलेल्या निम्म्या कवितांमध्ये लाटाच लाटा. सुमन तयार झाली ती "तुमची हौस राहून जायला नको" म्हणून. मी निघालो होतो तिच्यासाठी, ती निघाली माझ्यासाठी.

बुकिंग करताना लेकीने विचारलं, "बाबा, खोली कुठली घेऊ?" मी म्हणालो, अगदी पुढची. अहो, जन्मभर एसटीने फिरलेला माणूस मी. घाटात गाडी लागायला नको असेल तर पुढच्या सीटवर बसायचं, हे आपल्या हाडात असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला. ढग इतके खाली आले की समुद्र कुठे संपतो तेच कळेना. आमची खोली हळूहळू वर जायची, क्षणभर तिथेच थबकायची… आणि मग खाली. पोट मात्र वरच राहायचं. कपाटातले हँगर वाजत होते, चिवड्याचा डबा टेबलावर इकडून तिकडे फेऱ्या मारत होता.

सुमनने आवळा सुपारी चघळून पाहिली, आलेपाक खाऊन पाहिला. मग पलंगाची कड घट्ट धरली आणि म्हणाली, "काहून आणलं मले इथं?"

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसलो. तिचं माहेर यवतमाळकडचं. पण इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर तिची भाषा अशी पुणेरी झालीय की दुकानदार तिच्याशी जपून बोलतात. ही माहेरची बोली मी शेवटची ऐकली होती ती ऑपरेशनला नेताना, स्ट्रेचरवरून.

तेवढ्यात स्पीकरवर सूचना आली. ज्यांना त्रास होतोय त्यांनी खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी येऊन बसावं. तिथे कमी हलतं, सगळ्यात जास्त हलतं ते पुढच्या टोकाला.

सुमनने डोळे मिटूनच विचारलं, "आणि आपण कुठे आहोत?"

"पुढच्या टोकाला."

"वाटलंच मला. तुमची एसटी."

कठड्याला धरून धरून खाली गेलो. तिथे जहाजावरच्या एका कर्मचारी बाईंनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, हिरव्या सफरचंदाच्या फोडी दिल्या. हलणं कमी झालं होतं, पण सुमनने आता सोफ्याची कड घट्ट धरली. "मला घरी जायचंय," ती म्हणाली. चहूकडे तर पाणीच पाणी… मनात आलं, आता घरी पोचलो की ही उंबऱ्याबाहेर कधीच पाऊल टाकणार नाही. आणि त्याला कारण मीच.

मला जे एकच येतं ते मी केलं. हलक्या आवाजात कविता म्हणायला लागलो. चौथीतली, नदीवरची. तिच्या आणि माझ्या शाळेची पुस्तकं वेगळी होती, पण ही कविता दोन्हीकडे होती. फरक फक्त चालीचा. आमच्या मास्तरांनी शिकवलेली चाल ठसक्याची, पावलं टाकत जाणारी. तिच्या बाईंची संथ, ओळीचं शेवटचं अक्षर लांबवत नेणारी. यावरून आमचं लग्नापासूनचं भांडण आहे. मी तिच्या चालीला रडकी म्हणतो, ती माझ्या चालीला परेड म्हणते.

दोन ओळी झाल्या आणि जहाज वर गेलं. माझी परेड मध्येच अडखळली. परत सुरू केली, परत अडखळली.

सुमन पुटपुटली, "घाई कशाला करताय? जहाज बघा कसं सावकाश चाललंय."

मग मी तिच्या चालीत म्हणायला लागलो. जहाज वर चढताना ओळ चढायची, थबकताना ते अक्षर लांबायचं, आणि उतरताना ओळही अलगद उतरायची… जणू तिच्या बाईंनी चाल याच लाटांवर बसवली होती.

सुमनने डोळे उघडले. "येते की तुम्हाला!"

"रोज पोळ्या करताना म्हणायचीस. ऐकत होतो."

"मग इतकी वर्षं रडकी रडकी काय म्हणत होतात?"

मी पुढचं कडवं धरलं. तिसऱ्या कडव्यापासून ती म्हणू लागली. आवाज बारीक होता, पण सूर जागेवर. ऑपरेशननंतर स्वयंपाकघरातून हा आवाज आला नव्हता, हे मला तिथे, त्या सोफ्यावर लक्षात आलं. सोफ्याची कड तिने कधी सोडली ते कळलंही नाही… दुपारपर्यंत आम्ही दोघांना पाठ होत्या तेवढ्या सगळ्या कविता संपवल्या. शेजारच्या सोफ्यावरच्या एक बाई तर झोपूनच गेल्या.

काल घरी पोचलो. बॅग उघडून कपडे काढता काढता सुमन म्हणाली, "पुढच्या वेळी खोली मधली घ्या."

बस, एवढंच. आणि शाल झटकायला गॅलरीत गेली.

मी मात्र हातात चिवड्याचा रिकामा डबा घेऊन तसाच उभा. तिच्या तोंडून "पुढच्या वेळी" हे दोन शब्द ऐकायला मी एवढ्या लांब, समुद्रावर गेलो होतो… नदीवरची कविता शिकवणाऱ्या यवतमाळच्या त्या बाईंना, जिथे असतील तिथे, माझा नमस्कार.