गाडीचा टेप आणि खुंटीवरची चावी

आमच्या घरात दाराशेजारी एक खुंटी आहे. ट्रॅक्टरची, मोटरसायकलची, विहिरीवरच्या खोलीची आणि चारचाकीची, सगळ्या चाव्या तिच्यावर. ज्याला जे न्यायचं असेल त्यानं आबांना सांगायचं आणि मगच चावी काढायची. आबा म्हणजे माझे सासरे. ही रीत त्यांनी घातलेली, आणि माझं तिच्याशी कधीच जमलं नाही. चारचाकी माझ्या पगारातून आली आहे. कागद आबांच्या नावावर आहेत, कारण घेताना सगळ्यांनी तसंच ठरवलं आणि मी तेव्हा मान हलवली. आता हलवली नसती.

मी इंदापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमचं गाव बारामतीच्या बाजूला, त्यामुळे रोज सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं. पूर्वी यष्टीनं जायचे. फाट्यावर ताटकळत उभी राहायचे आणि घरी आल्यावर उशीर का झाला याचा जबाब द्यायचे. गाडी आली आणि ते संपलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेवढा रस्ता माझा झाला. त्या वेळात मला कुणी चहा मागत नाही, कुणी काही विचारत नाही, आणि मी मोठ्यानं गाणी लावून त्याहून मोठ्यानं गाते. हे सुख मला फार उशिरा मिळालंय आणि मी ते कुणाला देणार नाही.

तर या गाडीतला कंपनीतून आलेला टेप मुका झाला. दिवे लागायचे, आकडे दिसायचे, पण आवाज नाही. घरच्या बैठकीत माझं व्हायचं तसंच. दोन-चार वेळा थापट्या मारून पाहिल्या, मग एका शनिवारी बारामतीत दुकान गाठलं. मोठ्या पडद्याचा नवा टेप पसंत केला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना घेऊन या. त्यांना दाखवून ठरवू."

"गाडी मी चालवते," मी म्हटलं.

"चालवत असाल हो. पण वायरिंगचं काम आहे. नंतर घरी तुम्हालाच बोलणी बसतील."

घरी मला बोलणी बसतात की मी देते, याची चौकशी या माणसाला कुणी करायला सांगितली होती? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "खोक्यात घालून द्या. मी बसवते."

तो हसला. बसवताना जळला तर बदलून मिळणार नाही, असं दोनदा बजावलं. मी खोकं काखोटीला मारलं आणि बाहेर पडले. गाडीत बसल्यावर जरा घाबरले, हे खरं आहे. पण परत आत जाणं शक्यच नव्हतं.

अगदीच काही येत नव्हतं असंही नाही. माझं माहेर पळसदेवचं. तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ट्रॅक्टर ऊस वाहायचा. सुट्टीच्या दिवशी मी हट्टानं त्यांच्याबरोबर साखर कारखान्यावर जायचे. तिथं उसाच्या ट्रेलरची रांग लागलेली असायची आणि नंबर येईपर्यंत दिवस जायचा. तोवर रांगेतला प्रत्येक ट्रॅक्टर आपापलं गाणं लावून उभा. तात्यांचा टेप नेहमी काहीतरी दुखणं काढायचा आणि ते तो रांगेतच खोलून बसायचे. मी पक्कड धरायचे. ते म्हणायचे, "बघ, वायरला भ्यायचं न्हाय. कुठनं आली आन् कुठं चालली एवढं बघायचं." पोरीच्या जातीला हे कशाला, असं तात्या कधीच म्हणाले नाहीत. तसं म्हणणारे दुसरेच होते.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी घरात सांगून टाकलं, उद्या रविवार आहे, टेप मी बसवणार. माझे यजमान भिगवणला कारखान्यात पाळीवर जातात. ते बशीतनं मान वर न काढता म्हणाले, "तुला जमंल तसं कर, फकस्त मला मधी घेऊ नगंस." भांडण टाळण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. माझा धाकटा दीर मात्र खो खो हसला. त्याचा या गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा.

"वैनी, गाडी पेटंल. लाईट जाईल. मग बसा रस्त्यात."

आबांनी कप खाली ठेवला. "बसव. पन एक ठरलं. तुझ्या उद्योगानं गाडी बंद पडली, तर चावी धाकट्याकडं. मग तू यष्टीनं जायचं."

मी म्हटलं, "चालंल." रागाच्या भरात माणूस काय काय कबूल करतं. माझा रस्ता, माझी गाणी, माझा मोकळा श्वास मी एका शब्दात पणाला लावला आणि वर ताठ मानेनं भाकरी थापायला गेले.

रविवारी सकाळी गाडी लिंबाखाली घेतली. बांगड्या काढून डब्यात ठेवल्या. आधी पान्यानं बॅटरीची एक वायर सोडवली. मग उलथन्याच्या टोकाला फडकं गुंडाळून डॅशबोर्डची पट्टी हळूहळू उचकटली. भाजीचं उलथनं बघून दिराला पुन्हा हसू फुटलं. तो ओसरीवर आबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता, तमाशाला बसावं तसा. पट्टी निघाली, चार स्क्रू निघाले आणि जुना टेप ओढल्याबरोबर बाहेर आला. मागे धूळ, शेंगांची टरफलं आणि वायरींचा गुंता.

जुन्या टेपचं कपलर, म्हणजे वायरींचा जोड, नव्याला बसेना. ते कापावं लागणार होतं. एकदा कापलं की माघार नाही. मी ओसरीकडे पाहिलं. दोघंही माझ्याकडेच बघत होते. मग कापलंच.

स्पीकरच्या वायरी रंग बघून जोडल्या. काळी अर्थिंगला. राहिल्या दोन, पिवळी आणि लाल. इथं मला विचारच करावा लागला नाही. तात्या या दोन वायरी एकत्र पिळून सरळ बॅटरीच्या तारेला लावायचे. मीही तेच केलं. गाडीकडून आलेली आणखी एक वायर तशीच उरली, तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी लावून ती मागे सारली. नवी फ्रेम जरा मोठी होती, ती कानशीनं घासली. एक स्क्रू गिअरच्या खाचेत पडला तो फ्रिजवरचं चुंबक दोऱ्याला बांधून वर काढला. बॅटरी जोडली आणि बटण दाबलं.

वाजला! असा वाजला की लिंबावरचे कावळे उठले. माझ्या अंगावर काटा आला. दीर उठून गाडीपाशी आला आणि डोकावला. मी चावी त्याच्या नाकासमोर नाचवली. "बघा भावजी, चावी न लावता बी वाजतोय!" आबा ओसरीवर बसून ऐकत राहिले.

आमच्या घरात नवी वस्तू उघडी ठेवत नाहीत. टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांवर विणलेला रुमाल. धूळ बसू नये आणि दृष्ट लागू नये, दोन्ही कामं त्यातच. संध्याकाळी मी आवाज अगदी शून्यावर आणला आणि नव्या टेपवर माझ्या हातचा क्रोशाचा रुमाल घातला, दोन घड्या घालून. चावी रीतीप्रमाणे खुंटीला अडकवली. त्या दिवशी मला झकास झोप लागली.

सोमवारी सकाळी डबा घेऊन गाडीत बसले आणि चावी फिरवली. टिक टिक टिक. पुन्हा फिरवली. टिक टिक. बोनेट उघडून वायरी हलवून बघितल्या, काही फरक पडला नाही. तोवर दीर येऊन उभा राहिला. हात पुढे.

"आना वैनी चावी."

आबा ओसरीवर चहा ओतून घेत होते. तिथनंच म्हणाले, "ठरलं होतं, सूनबाई."

ठरलं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. माझ्या उद्योगानं गाडी बंद पडली होती, शंभर टक्के. रडू येत होतं आणि ते या दोघांसमोर येतंय याचाच जास्त संताप. दिराचा हात तसाच पुढे. मी चावीवर मूठ आवळली आणि म्हटलं, "गाडीला धक्का मारा."

"मी कशाला मारू? बंद पडली म्हंजी पडली."

फाटकाबाहेरनं खुरपणीला निघालेल्या बाया चालल्या होत्या, गावातल्याच, रोजच्या बघण्यातल्या. मी बोनेट आपटून गाडीत बसले आणि काच खाली करून हाक मारली, "अगं ये बायांनो, जरा धक्का द्या गं!" एकीनंही कशाला म्हणून विचारलं नाही. खुरपी आणि डबे बांधावर ठेवले, पदर खोचले आणि लागल्या पाठीमागे. त्यांच्यातली थोरली दिराला म्हणाली, "सरक बाबा, चाकाखाली येशील." तो सरकला.

मी गिअर दुसऱ्यात टाकला. गाडी फाटकातून उतारानं पळू लागल्यावर क्लच सोडला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि इंजिन धरलं. मागे बायांनी असा कालवा केला की बैलगाडा शर्यत जिंकावी. मी थांबले नाही. हात बाहेर काढून हलवला आणि थेट रस्त्याला लागले. थांबून खुरपणीच्या बायांचे आभार मानणं जमलं नाही, ते दुसऱ्या दिवशी मानले, जिलेबी देऊन.

रडले मात्र. बाजूनं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या आणि मी डोळे पुसत गाडी चालवत होते. निमगाव केतकीच्या पानमळ्यांपाशी एक खड्डा चुकवायला गाडी वळवली, तसा रुमाल घसरून खाली पडला. आत टेपचा पडदा लख्ख पेटलेला. आवाज शून्य, पण टेप चालूच. काल संध्याकाळपासून तो रुमालाखाली बॅटरी पीत बसला होता आणि कुणाला दिसायची सोय नव्हती.

मग डोक्यात प्रकाश पडला. तात्यांचा टेप सरळ बॅटरीवर असायचा तो रांगेसाठी. रांगेत इंजिन बंद करून दिवसभर उभं राहायचं आणि गाणं तर चालू पाहिजे, म्हणून त्याला चावी नको. बॅटरी बसलीच तर पुढचे-मागचे चार गडी धक्का मारायला हजर. मी ऊसकऱ्याची लेक, मी कॉलेजला जायच्या गाडीत कारखान्याच्या रांगेचं वायरिंग करून ठेवलं होतं. एवढं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. इंजिन मात्र बंद केलं नाही, तेवढी अक्कल होती.

दुपारच्या सुट्टीत कॉलेजच्या आवारात टेप पुन्हा ओढून काढला. पिवळी आणि लाल सोडवल्या. पिवळीला बॅटरी लागतेच, ती होती तिथंच ठेवली. लाल त्या पट्टी लावून मागे सारलेल्या वायरीला जोडली, कारण तिच्यात चावी फिरवली तरच वीज येत होती. चावी लावली, पडदा लागला. चावी काढली, पडदा मालवला. एवढंच काम होतं. शिपाईमामा छत्री धरून उभे होते, ऊन लागू नये म्हणून. त्यांनीही मिस्टर कुठं आहेत असं विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आले ती गाणी लावूनच, काचा खाली करून. लिंबाखाली गाडी लावली, चावी काढली, गाणं जागच्या जागी थांबलं. ओसरीवर चहाला बसलेले आबा, दीर आणि पाळीवरून आलेले यजमान. आबांनी खुंटीकडे बोट केलं.

"चावी लाव. उद्यापासनं धाकटा नेईल. शब्द दिला हुतास."

मी म्हटलं, "व्हय आबा, दिला हुता. पैज मी हरले, ते बी कबूल. चूक माझीच हुती, आन् दुरुस्त बी मीच केली."

"मग?"

येताना रस्ताभर मनात घोळवलेलं ते मी बोलून टाकलं. "मग एक सांगा आबा. मी जिंकले असते, तर मला काय मिळनार हुतं?"

दिरानं आबांकडे पाहिलं, यजमानांनी पहिल्यांदाच बशीतनं मान वर काढली. जिंकले असते तर मला माझीच गाडी मिळणार होती. हरले तर तीही जाणार होती. ही असली पैज मी कबूल केली होती, आणि ती मोडताना मला तिळभर लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

चावी मी पर्समध्ये टाकली आणि पर्स काखेला. "भावजींना गाडी लागली तर मला सांगा," मी म्हटलं, "मी काढून देईन." आणि भाकरीचं पीठ मळायला आत गेले. जरा वेळानं यजमान आत आले आणि हळूच म्हणाले, "गानं कंचं हुतं गं मगाशी?"

खुंटीवर बाकीच्या चाव्या अजून आहेत. गाडीच्या जागी आबा आता आपली टोपी अडकवतात.