तोंडातला पेढा
सोसायटीत कुणाच्या नव्या गाडीच्या झेंडूच्या हाराचा वास आला, की मला मित्राची ती बुटकी स्पोर्ट्स कार आठवते. मित्राचा पाय मोडला होता, म्हणून त्याचा मोठा भाऊ मला म्हणाला, "इंजिनाचं काम कोल्हापूरला करून आणू. तू चल, तुझ्याशिवाय कोणाला जमणार?" आमच्या उलव्यात भाड्याचा ट्रेलर आला, तेव्हा गाडीचं नाक घासू नये म्हणून मी रॅम्पच्या तोंडाशी फळ्या लावल्या आणि जमिनीवर आडवा पडून ओरडत राहिलो, "हळू, बोटभरच जागा हाय!" वाटेत प्रत्येक चहाला उतरून गाडी बांधलेले पट्टे तपासले. कोल्हापुरात गाडी उतरवली, तर मेकॅनिकऐवजी एक कुटुंब हार घेऊन उभं होतं. त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि माझ्या तोंडात पेढा भरवला, तेव्हा कळलं की गाडी विकली गेलीय. मी भावाकडे पाहिलं, तर तो हळूच म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, कागद माझ्या नावावर आहेत. घरचं मॅटर आहे." तेवढ्यात मित्राचा फोन आला. "नाक घासलं नाही ना रे?" "नाही," मी म्हणालो आणि पेढा गिळला. त्या भावाने आम्हा दोघांनाही फसवलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण ते त्या फोनपर्यंतच खरं होतं.