निंबल म्हंजे घेणारा

मी झाडीपट्टीच्या नाटकात जोकर आहो. शाळेत गेलो नाई, म्हून संवाद दुसऱ्याच्या तोंडून आयकून पाठ करतो, आन तेही अर्धेच ध्यानात राह्यते. बाकीचं अंगावर निभावलं. विंगेतून कोलांटी मारत स्टेजवर आलो का लोकं हासत. खरं सांगतो, कितीकदा ते कोलांटी नसे, पाय घसरलेला असे.

यंदा धानाच्या बांधीत धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, पडलो. साप दिसला म्हून उडी मारली. साप नोता, पाण्याच्या मोटारीचा पाइप होता. माह्याच मोटारीचा. गुडघा सुजला. दिवाळीच्या आधी वडशाले तालीम लागली, आन कंपनीच्या मालकानं फोनवर सांगतलं, "भाऊ, येऊन दाखव. जमलं तं तू, नाई तं दुसरा जोकर पाहून ठेवला आहे."

मी तोंड पाडून बसलो. पोरगी गडचिरोलीले इंग्रजी शिकते, सुटीत घरी आलती. म्हणे, "बाबा, मी मैत्रिणीईले सांगून ठेवलं, माहे बाबा निंबल आहेत."

"म्हंजे?"

"चपळ."

"मंग शब्द वापस घे. पायानं राजीनामा देला."

तिनं मंग मास्तरानं शिकवलेलं सांगतलं. हा शब्द लय जुना. आधी त्याचा पायाशी संबंधच नोता. जुन्या इंग्रजीत घेणं, उचलणं याच्यासाठी एक शब्द होता, त्यातून हा निघाला. निंबल म्हंजे पटकन घेणारा. हातानं घेवो का डोक्यानं. उड्या मारणारा हा अर्थ मागून आला.

बायको तांदूळ निवडून राह्यलती. "डोक्याचं जाऊ द्या," म्हणे. "घेणाराच असंन तं थो शब्द माहा आहे. मोहफुलं वेचतो तवा तुमच्या टोपलीकडे माकड ढुंकून पाहत नाई."

खरंच होतं. तिचं तोंड शेजारणीशी चालू राह्यते, दोन्ही हात आपले वेचत राह्यते, आन टोपली भरते. मी एक फूल उचलतो, फुंकतो, खातो.

"शिकव मले," म्हटलं.

दुपारभर तिनं आंगणात चिंचोके फेकले आन मले वेचाले लावलं. "खाली पाहू नका. पाह्यलं का हात थांबते. बोलत राहा, तेवढं तं येते तुमाले."

तालमीत लंगडत आलो आन स्टुलावर बसलो. मालकाचं तोंड आंबट झालं. सीन असा का हिरो बापाशी भांडून घर सोडून राह्यला. मी मधात बसून त्याची समजूत काढतो. त्याच्या तोंडाकडे पाहत बोलत राह्यलो, आन हात वेचत राह्यले. त्याचा रुमाल, बापाचा चष्मा, मनगटावरची घडी. हिरो रडाले लागला, रुमाल शोधे तं नाई. बाप चष्मा शोधे. पेटीवाल्याचं हासता हासता वाजवणं सुटलं. संवाद तं मी केवाच विसरलो होतो, कोणाले समजलंच नाई.

मालक डोये पुसत म्हणे, "कोलांटी काढून टाका. याले स्टूल द्या."

बस स्टँडवरून घरी फोन लावला. पोरीले म्हटलं, माय, तुह्या त्या शब्दानं मले ठेवलं, तुह्या मास्तराले माहा नमस्कार सांगजो. मंग बायकोनं फोन घेतला. तिले रुमाल-चष्म्याचं सांगतलं.

"तुह्या हातानं माहं काम राह्यलं वो," मी म्हटलं.

बायको म्हणे, "सगळ्याईचं वापस देलं ना?"

खिसा चाचपला. हिरोची फणी निघाली. लंगडत वापस गेलो.