टोपीच्या आतली पट्टी

कोच मारिन गेल्याचा फोन आला तेव्हा मी चर्चबाहेर फावड्यानं बर्फ काढत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, आनाचा. "फ्रान्यो, बाबा मैदानावर सापडले," एवढंच म्हणाली. फेब्रुवारीत मैदानावर गुडघाभर बर्फ असतो, प्रॅक्टिस मे महिन्याशिवाय नाही. आणि त्यांच्या पायात फुटबॉलचे बूट होते... सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही.

मी वसईचा फ्रान्सिस, नववीत शाळा सोडलेला. इकडे परदेशात येऊन किचनर शहरातल्या त्या मैदानावर गवत कापायला लागलो तेव्हा इंग्लिशची इतकी धास्ती, की कोणी काहीही विचारलं तरी मान डोलवायचो. कोच क्रोएशियाचे. तिकडे पंधरा वर्षं बचावफळीत खेळले, गुडघा गेल्यावर इकडे येऊन मुलींना शिकवू लागले. इंग्लिश माझ्यासारखंच मोडकं, पण आवाज असा, की रस्त्यावरची गाडी थांबावी. माझ्या नावाचं त्यांनी फ्रान्यो केलं, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर घरी जेवायला बसवलं आणि प्रॅक्टिसला मुलींच्या मागे उभं केलं. म्हणाले, "डिफेंडर तोंडानं खेळतो. तू सगळ्यांच्या मागे, तुलाच सगळं दिसतं. दिसलं की ओरड." मी ओरडायला शिकलो. मुली माझ्या उच्चारांना हसायच्या, पण वळून बघायच्या.

गेल्या उन्हाळ्यात ते गोलकीपर मुलीला स्वतःच्या मुलीच्या नावानं, 'आना' म्हणू लागले. एकदा हाफटाइमनंतर समोरच्या टीमच्या बाकावर जाऊन बसले. लोकांना थट्टा वाटली. त्या दिवशी गाडीत ते मला म्हणाले, हे विसरणं आनाला कळलं तर टीम सुटेल, तू कुणाला बोलू नकोस. मी मान डोलवली. शिवाय चिकटपट्टीवर मुलींची नावं आणि नंबर लिहून त्यांच्या टोपीच्या आत लावायला लागलो. दर मॅचला नवी पट्टी. वाटायचं, उपकार फेडतोय...

कोच गेल्याला महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सानंतर आना माझ्या बेसमेंटमध्ये आली. टोपी उलटी करून टेबलावर ठेवली. शेवटची पट्टी तशीच होती. मुलींच्या नावांखाली, कोचच्या थरथरत्या अक्षरात, आणखी एक नाव होतं. फ्रान्यो. पुढे नंबर नाही.

"वरचं अक्षर तुझं आहे," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

मान नुसती हलायला लागली होती. ती थांबवली. "हो," म्हटलं. "उन्हाळ्यापासून."

तिनं खिडकीतून बर्फाकडे बघितलं. मग निघून गेली. अजून फोन नाही.

टोपी न्यायची मात्र ती विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, कळत नाही. दाराशी खुंटीला आहे. मी घालत नाही. कामावर निघताना आत बघतो. नावं अजून वाचता येतात.